पंखवाल्या बैलाचं गार्डन रेस्टॉरंट: रोडगे एक नंबर, समोरचा बैल चार पायांचा, पण मागची भिंत चुकवू नका

नाव लिहीत नाही कारण खाली थोडं झोडपलंय पण आणि मालक ओळखीचे आहेत, उगाच रोडवर भेटले की तोंड चुकवावं लागेल. पण पुलगाव-आर्वी रोडवर दाढीवाला पंखवाला बैल दिसला की समजून जा, तेच. समोर गार्डन रेस्टॉरंट, मधात एसी हॉल, मागे लग्नाचं लॉन. थीम काय तर असिरियन राजवाडा, म्हणजे आताच्या इराकमधलं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं राज्य. हो, बरोबर वाचलं, असिरियन. आपल्या इकडे थीम म्हटलं की बैलगाडीचं चाक, चार कंदील आणि भिंतीवर वारली, वारली पाहू पाहू डोळे दुखायले लागले होते, त्यामुळे निदान कोणीतरी वेगळं काही केलं यासाठीच एक स्टार आधीच देऊन टाकतो. मालकाचा पोरगा नागपूरला आर्किटेक्चर शिकला, त्यानं हे डोक्यात घेतलं आणि बापानं पैसे लावले, आपल्याकडे असं होत नाही हो सहसा.

मी वीट-गिट्टीच्या धंद्यातला माणूस आहे. घरची वीटभट्टी होती, आता राखडेच्या विटा पाडतो. आणि हे असिरियन प्रकरण मला आधीपासून आवडते, कारण ती सगळी दुनियाच मातीच्या विटांवर उभी होती. तर जेवणापेक्षा भिंतीवर जास्त लिहिणार आहे, ज्यांना फक्त थाळीचा रेट पाहिजे त्यांनी सरळ शेवटी जावं.

आधी गेट. दोन बाजूला दोन बैल, फायबरचे, दहा-एक फूट उंच असतील. ह्याला लामासू म्हणतात. अंग बैलाचं, पंख गरुडाचे, तोंड माणसाचं, डोक्यावर शिंगांचा मुकुट आणि बारीक कुरळे करून ओळीत बसवलेली लांब दाढी. हे राजवाड्याच्या आणि शहराच्या दारात उभे करायचे, राखणीसाठी, वाईट काही आत येऊ नये म्हणून. सध्याच्या इराकमध्ये मोसूलजवळ खोर्साबाद म्हणून गाव आहे, तिथे दुसऱ्या सारगॉन राजानं (इ.स.पू. ७२१ ते ७०५) दुर-शर्रुकिन नावाची आख्खी नवी राजधानी बांधली होती, तिथले लामासू सगळ्यात फेमस. त्यातला एक शिकागोच्या म्युझियममध्ये आहे, १६ फूट उंच, ४० टनाच्या आसपास वजन. बिचाऱ्या सारगॉनला ती राजधानी काही लाभली नाही, इ.स.पू. ७०६ मध्ये उद्घाटन केलं आणि दुसऱ्याच वर्षी लढाईत मेला, पोरानं म्हणजे सेन्नाखेरिबनं बिऱ्हाड उचललं आणि निनवेला नेलं. आपल्याकडे म्हणतात ना वास्तू फळली नाही, तसलं झालं.

आता मुद्दा पायांचा. खोर्साबादच्या बैलाला पाय पाच असतात. समोरून पाहिलं तर दोन पाय जोडून गप उभा, बाजूनं पाहिलं तर चार पायांवर चालत निघालाय, आणि कोपऱ्यावरचा एक पाय दोन्ही बाजूनं कामी येतो म्हणून एकूण पाच. कारण हा बैल मोकळा पुतळा नाहीच मुळी, तो दाराच्या भिंतीचा भाग आहे, माणूस आधी समोरून पाहणार आणि मग दारातून आत जाताना बाजूनं पाहणार, दोन्ही वेळेस चित्र पूर्ण दिसलं पाहिजे. इथल्या बैलांना चारच पाय आहेत, त्यामुळे बाजूनं तीनच दिसतात आणि बैल लंगडा वाटतो. पोराला विचारलं तर म्हणतो काका ड्रॉइंगमध्ये पाचच दिले होते, फायबरवाल्याला वाटलं आपलं ड्रॉइंग चुकलं, त्यानं स्वतःच्या अकलेनं एक काढून टाकला. वर बिलात कमी पण नाही केले. आता कोणी जाणकार म्हणेल की चार पायांचे लामासू पण होते, होते ना, सेन्नाखेरिबच्या काळात पाचवा पाय सोडून दिला होता, पण त्यांनी सगळी मांडणीच बदलून चार पाय बसवले. इथे पाच पायांच्या बैलातून एक पाय कापलाय, ते वेगळं.

लोकांना मात्र काही फरक पडत नाही. आईनं गाडीतून उतरल्या उतरल्या हात जोडले, म्हणे कामधेनू बसवली वाटते यायनं. मग वर पाहून म्हणे, "काहून रे, हिले दाढी कशी?" वॉचमन हसत होता, तो म्हणे मावशी सगळेच विचारतात. पोळ्याच्या दिवशी लोकं येऊन पायाला हळदकुंकू लावून जातात आणि तान्ह्या पोळ्याला पोट्टे आपापले नंदी घेऊन इथे फोटो काढतात. उजव्या बैलाच्या खुरावर कुंकवाचा थर खरंच चढलेला आहे. मला तर हे भारीच वाटलं, तिथेही तो राखणदार देवच होता, हात जोडले तर काही चुकलं नाही.

आता एसी हॉल. इथे मन खट्टू झालं. सगळं फ्लेक्स आणि पीओपी. एका पूर्ण भिंतीवर अशुरबनिपाल राजाची सिंहाची शिकार छापलीय, मूळ काम निनवेच्या उत्तरेकडच्या राजवाड्यातलं, साधारण इ.स.पू. ६४५ चं, १८५३ मध्ये होर्मुझ्द रस्सम यानं खोदून काढलं, तो मोसूलचाच माणूस होता, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यांच्या वेबसाईटवर फोटो मोठा करून पहा कधी, फुकट आहे. एक सिंहीण आहे त्यात, कंबरेत बाण घुसलेत, मागचे पाय निकामी होऊन जमिनीवर घासत चाललेत आणि पुढचे दोन पाय ताठ टेकवून तोंड वर करून ती ओरडतेय. दगडावर इतकं उथळ कोरलंय की बोटाच्या पेराएवढीही खोली नसेल, आणि तरी तिच्या खांद्याचा ताण दिसतो. राजा तिथे जिंकतोय पण नजर सिंहिणीवरच जाते. इथे काय केलंय तर भिंतीची लांबी भरायची म्हणून फोटो आडवा ताणला, राजा जाडा झाला, सिंह डुकरासारखे दिसतात, आणि सिंहिणीच्या बरोबर अंगावर एसीचं युनिट बसवलं. फ्लेक्सवाल्याला दोष देऊ की इलेक्ट्रिशियनला.

त्याहून मजा फॅमिली सेक्शनमध्ये. तिथे त्याच राजाची बागेतली मेजवानी लावलीय. राजा द्राक्षाच्या वेलीखाली पलंगावर रेललाय, समोर राणी खुर्चीवर, दोघांच्या हातात वाट्या, बाया पंखे हलवताहेत, वाजवणारे वाजवताहेत. गार्डन रेस्टॉरंटला एकदम फिट वाटते ना? फक्त डाव्या बाजूच्या झाडाकडे नीट पहा, फांदीला एक मुंडकं लटकलेलं आहे. ते शेजारच्या एलाम राज्याचा राजा तेउम्मान याचं, लढाईत मारला आणि मुंडकं आणून बागेत टांगलं, आणि त्याच्याकडे पाहत पाहत राजा पितोय. त्याच्याखाली बच्चेकंपनीची हाय चेअर ठेवलीय. वेटरला दाखवलं तर तो म्हणे आम्हाले वाटलं नारळ हाय. मी पण मग काही बोललो नाही, जाऊ द्या, पोट्टे मस्त आईस्क्रीम खात होते.

पीओपीबद्दल एक कबूल करावं लागेल. मूळ शिल्पपट ज्या दगडात आहेत तो मोसूलकडचा जिप्समच, मऊ असतो, कोरायला सोपा, आणि पीओपी पण जिप्सम भाजूनच होते. म्हणजे मटेरियल नकळत बरोबर निवडलंय, पण पोऱ्यानं पाण्याचा फडका मारून मारून खालच्या बाजूची नक्षी आताच बोथट केलीय. असल्या भिंतीला पाणी लावायचं नसते भाऊ.

आणि हॉलचा दुसरा कोपरा निळा केलाय, निळ्या टाईल्सवर पिवळे सिंह, खाली पाटी "असिरियन वॉल". हे काही असिरियन नाही. हे बॅबिलोनच्या इश्तार दरवाजाकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याच्या भिंतीचं आहे, दुसऱ्या नेबुकद्नेझरच्या वेळचं (इ.स.पू. ६०५ ते ५६२), बर्लिनच्या म्युझियममध्ये उभं केलेलं आहे ते. आणि बॅबिलोनवाल्यांनी इराणकडच्या मीडी लोकांना सोबत घेऊन इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे लुटलं-जाळलं होतं. एकाच हॉलमध्ये ज्याचं घर जाळलं तो आणि ज्यानं जाळलं तो दोघांनाही बसवलं, वर पाटी एकाच्या नावाची. पाटी बदला एवढंच, टाईल्स राहू द्या, दिसायला छान आहेत.

आता मागची भिंत. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

हॉलच्या मागच्या दारातून लॉनवर गेलं की डाव्या हाताला सात-आठ फूट उंच आणि बरीच लांब वीटकामाची भिंत आहे, चकाकणारी, निळ्या जमिनीवर पिवळी चित्रं. पहिल्यांदा वाटलं हे पण बॅबिलोन. जवळ गेलो तर सिंह, मग पक्षी, मग बैल, मग झाड, मग नांगर! आणि तिथे माझी ट्यूब पेटली, कारण हे आहे खोर्साबादच्या राजवाड्याला लागून असलेल्या देवळांचं काम. तिथे सारगॉननं देवळाच्या दाराच्या दोन्ही बाजूला रंगीत चकचकीत विटांचे पट्टे बसवले होते, निळ्या जमिनीवर पिवळ्या आकृत्या, राजा, सिंह, गरुड, बैल, अंजिराचं झाड आणि नांगर, याच क्रमानं. इतक्या लोकांनी लामासू पाहिलाय पण हे विटांचं काम फारसं कोणाला माहीत नसते, या पोरानं ते शोधून काढलं, त्याबद्दल त्याला सलाम.

त्या चित्रांचा अर्थ काय यावर अभ्यासक लोकं शंभर वर्षांच्या वर डोकं खपवताहेत. एक मत असं की ही नुसती सजावट नाही, ही चित्रलिपी आहे, चित्रं ओळीनं वाचली की सारगॉन राजाचं नाव आणि पदवी तयार होते. २०२४ मध्ये परत एका अभ्यासकानं मांडलं की चित्रांच्या नावातल्या आवाजावरून राजाचं नाव होते आणि त्याच वेळी हीच चित्रं आकाशातली नक्षत्रं पण आहेत, म्हणजे राजानं स्वतःचं नाव थेट आभाळात लिहून ठेवलं. खरं-खोटं त्यांचं ते ठरवतील. मला त्यातला नांगर महत्त्वाचा, कारण तो नुसता नांगर नाही, पेरणीचं अवजार आहे, वर बी टाकायचं भांडं आणि खाली नळी, म्हणजे तिफणीतलं चाडं आणि नळी! सत्तावीसशे वर्षांपूर्वी राजाच्या देवळाच्या भिंतीवर पेरणीचं अवजार सिंहाच्या आणि गरुडाच्या लाईनमध्ये. आपल्या इकडच्या कोणत्या देवळावर, कोणत्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर तिफण कोरलेली पाहिली का तुम्ही? मी नाही पाहिली.

आणि इथे कारागिरानं काय केलं तर मुळात एक नळी आहे तिथे सरळ तीन फणांची आपली तिफण काढली, चाड्यासकट, दोरीसकट. अंजिराच्या जागी उंबर काढला, खोडालाच फळं लगडलेली. पोरगा थोडा नाराज आहे, म्हणतो ऑथेंटिक नाही राहिलं. मी म्हटलं बेटा राहू दे, सगळ्या जागेत हेच एक आहे जे कोणी डोळ्यानं पाहून काढलंय. कारागीर भद्रावतीकडे सिरॅमिकचं काम शिकलेला कुंभार आहे, भद्रावतीला हे काम जुनं आहे, त्यामुळे त्याला ग्लेझ, म्हणजे विटेवर भाजून चढवलेला काचेसारखा थर, काय असतो हे नीट माहीत आहे, ऑइल पेंट मारून मोकळा झाला नाही.

काम कसं केलं ते त्यानं सांगितलं ते लिहितो, कारण असिरियात पण मूळ पद्धत बरीचशी अशीच होती. आधी विटा पाडायच्या आणि भाजायच्या. मग सगळ्या विटा जमिनीवर आडव्या मांडून, जशी भिंतीत येतील तशा, त्यांच्या दिसणाऱ्या बाजूवर चित्र काढायचं. एक सिंह म्हणजे एक वीट नाही, पंजा या विटेवर, पोट त्या विटेवर, शेपटी तिसऱ्या थरावर. आकृतीची कड गडद रेघेनं बांधून घ्यायची, नाहीतर भट्टीत रंग वितळून एकमेकांत घुसतात. मग परत भट्टी. त्या काळी पिवळा रंग शिसं आणि अँटिमनीपासून करायचे, निळा तांब्यापासून, वाळू आणि राख-क्षार मिळून काच व्हायची. आज रेडिमेड पावडर मिळते. आणि असिरियात हे बहुतेक सपाट विटेवरचं रंगकाम असायचं, बॅबिलोनसारखे साच्यातून उठाव काढलेले सिंह नाहीत, इथे पण सपाटच ठेवलंय, बरोबर केलं.

असलं सगळ्यात मोठं अख्खं काम निमरूदला, म्हणजे असिरियनांच्या आणखी एका जुन्या राजधानीत, सापडलं, तिसऱ्या शाल्मानेसरच्या किल्ल्यात (इ.स.पू. ८५८ ते ८२४), दाराच्या वरचा पट्टा, ३०० च्या वर विटा, जवळपास चार मीटर उंच, जोडून आता बगदादच्या म्युझियममध्ये ठेवलाय. तो जोडता आला याचं एक कारण म्हणजे विटांवर खुणा होत्या. मिस्त्रीनं कोणती वीट कुठे लावायची याच्या खुणा, विटेच्या वरच्या अंगावर, जे भिंतीत गेलं की दिसतच नाही, तिथे ग्लेझनंच काढलेल्या. ग्लेझनं काढल्या म्हणून भट्टीत टिकल्या.

आपल्या कुंभारभाऊनं पण खुणा केल्या होत्या. कोळशानं. भट्टीतून विटा निघाल्या तर कोळसा जळून साफ, एकही नंबर शिल्लक नाही. मग त्यानं आणि मिस्त्रीनं अंदाजानं जुळवलं आणि बहुतेक सगळं जुळलं पण, मानलं पाहिजे, फक्त सिंहाच्या मागच्या बाजूला शेपटीचा गोंडा असलेली वीट एक थर खाली लागलीय आणि तिच्या जागी निळी कोरी वीट आलीय. शेपटी अर्धी वर थांबते आणि गोंडा खाली एकटाच पडलेला. गवंडीकाम करणाऱ्याला लगेच दिसेल, बाकीच्यांना दाखवावं लागते. मालक म्हणे काढून परत लावू का, मी म्हटलं हात लावू नका, सिमेंटमध्ये बसलीय, काढायला गेले तर बाजूच्या चार विटांचे टवके उडतील.

सांधे पण पाहिले. बारीक ठेवलेत, पाव इंचाच्या आत, ग्लेझवर सिमेंटचे डाग नाहीत, लावल्या लावल्या पुसून घेतलंय. हे इतकं स्वच्छ काम आजकाल जिल्ह्याच्या गावी बंगल्यांवर पण दिसत नाही. बाजूच्या साध्या भिंतीत मात्र भट्टीवाल्याचा छाप असलेल्या विटा उलट्या लागल्यात, इंग्रजी अक्षरं बाहेर, ते मुद्दाम की चुकून माहीत नाही. असिरियन राजे पण विटांवर नाव टाकायचे म्हणा. दुसऱ्या अशुरनासिरपालच्या राजवाड्याची एक वीट डेन्मार्कच्या म्युझियममध्ये आहे, तिच्यावर लिहिलंय की ही अमुक राजाच्या राजवाड्याची मालमत्ता. ती फुटली होती, तर शास्त्रज्ञांनी आतल्या मातीचा नमुना घेऊन त्यातून डीएनए काढला, २०२३ मध्ये छापून आलं, ३४ प्रकारच्या झाडाझुडपांचे अंश मिळाले. कच्ची वीट होती, उन्हात वाळवलेली, म्हणून टिकलं. भट्टीत घातली असती तर सगळं जळून गेलं असतं. आम्ही विटेत जे तूस-भुसा घालतो त्याचं असं काही होईल हे आमच्या बाबाला सांगितलं असतं तर खूप हसला असता.

लॉनच्या टोकाला मातीच्या भिंतींची एक खोली केलीय, फोटोसाठी, आत पलंग, पंखा, वरच्या बाजूला भिंतीतून मातीच्या मुठी बाहेर आलेल्या. हो, मुठी, पाच बोटांच्या. असिरियन इमारतींत छताजवळ अशा भाजलेल्या मातीच्या मुठी बसवलेल्या सापडतात, त्यांना इश्तारचे, म्हणजे तिथल्या देवीचे, हात म्हणतात. इथे त्या मुठींवरून दिव्यांची माळ टाकलीय, आयडिया आवडली. पण या खोलीचा पाया पहा, पहिल्याच पावसाळ्यात शिंतोड्यानं वीतभर खाल्लाय, आणि कूलरच्या पाईपाचं पाणी तिथेच सोडलंय त्यामुळे एका कोपऱ्याला लोणा चढलाय, हातानं चोळलं की पांढरं पीठ पडते. आपली काळी माती, ओल धरून ठेवणार, त्यात हे.

आणि इथेच मला त्या पोराला सांगायचं होतं ते सांगितलं. राजवाड्यात ती कोरलेली दगडी पाटं काय नुसती शोभेला होती का? भिंत मातीच्या कच्च्या विटांची, कितीही जाड असली तरी ओल आणि धक्का पायथ्यालाच लागणार, म्हणून खालून माणसापेक्षा उंच दगडाची पाटं उभी लावायची, भिंतीचा पाय झाकला जायचा, आणि आता दगड लावलाच आहे तर त्यावर कोरून घ्या. त्याच्यावर गिलावा करून रंगवलेली चित्रं. जमिनीला पक्की वीट, जोडाला डांबर. म्हणजे प्रत्येक सजावटीला खाली एक काम होतं. सेन्नाखेरिबच्या एकट्या राजवाड्यात असल्या कोरीव पाटांची लांबी, ते खोदून काढणाऱ्या लेयार्ड नावाच्या इंग्रजानं मोजली तर जवळजवळ दोन मैल भरली, ७१ दालनं. इतकं कोणी फक्त हौसेसाठी करते का? हॉलमधलं फ्लेक्स उद्या काढलं तर भिंतीला काही फरक पडत नाही, म्हणून ते फ्लेक्सच राहते. मागच्या भिंतीतली एक वीट काढा बरं. तर मातीच्या खोलीला खालून शहाबादी फरशी उभी लावा दोन-अडीच फूट, तिच्यावर काय कोरायचं ते कुंभारभाऊला विचारा, आणि कूलरचं पाणी वळवा आधी, आजच्या आज. पोरानं मोबाईलमध्ये लिहून घेतलं, मालकानं मान हलवली. पाहू.

ज्यांना खरे दगड पाहायचे आहेत त्यांनी लंडन-बिंडनचा विचार करायची गरज नाही, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन शिल्पपट आहेत. लेयार्डनं निमरूदला १८४५ मध्ये खोदायला सुरुवात केली, माल फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावरून तैग्रिस नदीनं बसऱ्याला, तिथून जहाजानं मुंबईला आणि मग लंडनला, आणि मुंबईत पेट्या उघडून लोकांनी आधी पाहून घेतलं, लेयार्ड त्यावर चिडला पण होता. निमरूदचा दुसऱ्या अशुरनासिरपालचा राजवाडा २०१५ मध्ये आयसिसवाल्यांनी स्फोटकं लावून उडवला. त्यामुळे आहे ते पाहून घ्या.

बरं, जेवण. मेनूकार्डच्या मागे छापलंय की अशुरनासिरपाल राजानं नवीन राजवाड्याच्या वास्तुशांतीला ६९,५७४ लोकांना १० दिवस जेवू घातलं. बायको म्हणे फेकताहेत. नाही, हे खरंच शिलालेखात आहे, हिशोबासकट, बाहेरून बोलावलेले ४७,०७४, परदेशी पाहुणे ५,०००, गावातले १६,०००, राजवाड्यातले कर्मचारी १,५००, बेरीज करून पहा, बरोबर येते. आपल्याकडे लग्नात पान किती उठले यावर केटरर आणि वधूपिता यांचं भांडण होते, या राजानं दगडावरच कोरून ठेवलं, विषय संपला.

रोडगे एकदम झकास, गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवून, राख झटकून देतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वांग्याच्या भाजीत सांबार (म्हणजे कोथिंबीर) भरपूर. गोळाभात पण चांगला, वरून फोडणीचं तेल मागून घ्या, लाजू नका. पाटोडी रस्सा ठीक, तिखट आहे पण चव वरवरची. सावजी चिकन मागवलं होतं बाजूच्या टेबलवर, ते लोकं खूश दिसत होते, आम्ही त्या दिवशी खात नव्हतो. "निनवे स्पेशल पनीर" मागवू नका, नेहमीचंच पनीर, नावाचे पन्नास रुपये जास्त. व्हेज थाळी २२० ला, पोटभर. सर्व्हिस हळू, वेटर पोरं गावातली आहेत, गोड बोलतात पण पाणी तीनदा मागावं लागलं. बाथरूम स्वच्छ. पार्किंग मोठं, पावसाळ्यात गाडी आत घालू नका, चिखलात फसते.

पाचपैकी साडेतीन, त्यातले दोन निव्वळ मागच्या भिंतीचे.

रोडगे खायचे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागते, वेळेवर मिळत नाहीत. भिंत पाहायला चार-पाचच्या सुमारास जा, तिरपं ऊन पडते तेव्हा निळा रंग उठून दिसतो. आणि लग्नाची तारीख असेल तर आधी फोन करून विचारा, कारण लॉनवर लग्न असलं की डेकोरेशनवाले स्टेज बरोबर त्या भिंतीसमोर लावतात आणि पूर्ण भिंतीवर गुलाबी पडदा मारून टाकतात.